खोबरेल तेल खाण्यात असावं का? आणि असावं तर कशाच्या जागी?

मोजूनमापून (धागाकर्ती)

स्वयंपाकाच्या कुठल्याही धाग्यावर कोणी खोबरेल तेल वापरलं की खाली दोन तट पडतात. एक म्हणतो सुपरफूड, दुसरा म्हणतो हार्ट अटॅकला आमंत्रण. पाककृती राहते बाजूला. म्हणून हा वेगळा धागा काढतेय, काय भांडायचं ते इथे भांडा.

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे माझा कल आधीच सांगून टाकते. मला हे तेल विष वाटत नाही आणि औषध तर अजिबातच वाटत नाही.

आधी तेलात काय आहे ते बघू. साधारण ८० ते ९० टक्के संपृक्त मेद, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट. लोण्यात हेच प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास असतं, पाम तेलातही जवळपास तेवढंच, ऑलिव्ह तेलात १४. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १३-१४ ग्रॅम तेलात, ११-१२ ग्रॅम संपृक्त मेद आणि सुमारे १२० कॅलरी येतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी १० टक्क्यांहून जास्त संपृक्त मेदातून येऊ नयेत. २००० कॅलरींचा आहार धरला तर हे झाले २२ ग्रॅम. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणखी कडक आहे. ज्यांना एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, खाली आणायचं आहे त्यांना ती ५-६ टक्क्यांवर थांबायला सांगते, म्हणजे जेमतेम १३ ग्रॅम. एका चमच्यात दिवसाचा कोटा संपत आला, आणि दूध, चीज, मांस, बिस्किटं अजून हिशोबात धरलेलीच नाहीत.

बाकी या तेलात फार काही नाही. ई जीवनसत्त्व नावापुरतं. ओमेगा-६ दोनेक टक्के, ओमेगा-३ जवळपास शून्य. शरीराला बाहेरूनच मिळवावी लागणारी मेदाम्लं यातून मिळत नाहीत, त्यामुळे घरात हे एकमेव तेल असणं मला पटत नाही.

माझा खरा प्रश्न वेगळा आहे, आणि तो सहसा कोणी विचारत नाही. खोबरेल तेल खाणार, ते कशाच्या जागी? लोणी काढून आलं तर एक उत्तर. सूर्यफूल किंवा ऑलिव्ह तेल काढून आलं तर दुसरं. आणि चालू जेवणावर वरून दोन चमचे ओतले तर तिसरं.

उगाच

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. होऊ द्या.

कोरा कागद

मी सुपरफूडवाल्या तटातला, त्यामुळे सुरुवात मीच करतो.

‘संपृक्त मेद’ हा सरसकट शिक्का आहे. लोण्यातला किंवा मांसातला संपृक्त मेद लांब साखळीचा, खोबरेल तेलातला मुख्यतः मध्यम साखळीचा, म्हणजे ज्याला एमसीटी म्हणतात तो. हा थेट यकृतात जातो आणि जळून ऊर्जा देतो, चरबी म्हणून साठत नाही. वजन कमी करण्यासाठी एमसीटीवर चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांचे निष्कर्ष चांगले आहेत.

दुसरं, या तेलाने एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं. हे विरोधकही मान्य करतात.

तिसरं, पॅसिफिकमधल्या टोकेलाऊ बेटांवरचे लोक साठ टक्क्यांहून जास्त उष्मांक नारळातून घेत होते आणि त्यांच्यात हृदयविकार क्वचितच आढळत होता. १९८१ चा शोधनिबंध आहे, कोणीही शोधून वाचावा.

चौथं, जुन्या प्रयोगांमध्ये बऱ्याचदा हायड्रोजनेटेड, म्हणजे हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेलं, खोबरेल तेल वापरलं जायचं. त्याचं पाप घाण्याच्या तेलाच्या माथी कशाला?

मध्यमवर्गीय

कोरा कागद यांना +१. सगळे पूर्वग्रहातून बोलतात.

कार्बनबारा

पहिल्या मुद्द्यापुरतं बोलतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

मेदाम्लाची साखळी कार्बनच्या संख्येवरून मोजतात. ८ कार्बनचं कॅप्रिलिक आणि १० कार्बनचं कॅप्रिक, ही दोन ‘थेट यकृतात’ जाणारी. खोबरेल तेलात दोन्ही मिळून १५ टक्क्यांच्या आत-बाहेर असतात. तेलाचा जवळजवळ निम्मा भाग आहे लॉरिक आम्ल, १२ कार्बनचं. रसायनशास्त्राच्या पुस्तकात ते मध्यम साखळीत मोजतात म्हणून तेलाच्या बाटलीवर ‘६० टक्क्यांहून जास्त एमसीटी’ असं छापता येतं. आतड्याला मात्र पुस्तकातली वर्गवारी ठाऊक नाही. लॉरिक आम्लाचा मोठा हिस्सा लांब साखळीच्या मेदासारखाच कायलोमायक्रॉनमध्ये (मेद वाहून नेणाऱ्या कणांमध्ये) बांधला जातो आणि लसिकावाहिन्यांमधून रक्तात येतो. त्यावर मिरिस्टिक (१४ कार्बन, साधारण १८ टक्के) आणि पामिटिक (१६ कार्बन, ९ टक्क्यांच्या आसपास) आहेत. एलडीएल वाढवण्यात हे दोघेही पटाईत.

वजनाच्या ज्या चाचण्यांचा दाखला दिला जातो त्यांतल्या गाजलेल्या चाचण्या कोलंबिया विद्यापीठातल्या मारी-पिएर सेंट-ओंज यांच्या. त्यांनी वापरलेलं तेल खास बनवलेलं, निव्वळ मध्यम साखळीचं होतं. खोबरेल तेलाला आपले निष्कर्ष लावू नका, हे त्यांनी स्वतःच पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. शुद्ध एमसीटी तेल ही मुळात दवाखान्यातली गोष्ट. ज्यांना मेद पचत नाही अशा रुग्णांसाठी १९५० च्या दशकात ते वापरात आलं, पुढे मुलांच्या अपस्मारावरच्या कीटोजेनिक (मेद भरपूर, कर्बोदकं अगदी कमी) आहारातही गेलं. त्याची पुण्याई खोबरेल तेलाच्या खात्यावर जमा झाली आहे.

लॅबवाली

कार्बनबारा, वाखु (वाचनखूण) साठवली.

मी कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टांमध्येच दिवस काढते, म्हणून एचडीएलबद्दल लिहिते. लोक रिपोर्ट हातात घेतात, एचडीएलचा आकडा वाढलेला बघतात आणि खूश होतात. एलडीएल वाढलं असेल तर ‘अहो पण चांगलंही वाढलंय ना’ म्हणतात.

लोकसंख्येच्या पाहणीत एचडीएल जास्त असलेल्यांना हृदयविकार कमी दिसतो, हे खरं. पण औषधाने एचडीएल मुद्दाम वाढवून पाहिलं तेव्हा हाती काही लागलं नाही. टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल ७० टक्क्यांहून जास्त वाढलं, आणि २००६ मध्ये चाचणी मध्येच बंद करावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाले. त्या औषधाने रक्तदाबही वाढत होता, म्हणून तो दाखला निर्भेळ नाही असं कोणी म्हणेल. ठीक. त्याच जातकुळीतल्या डॅलसेट्रॅपिबने एचडीएल वाढवलं, एलडीएलला फारसा हात लावला नाही, आणि फायदा शून्य. ती चाचणी २०१२ मध्ये थांबली. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये जनुकांचा अभ्यास आला. जन्मतःच एचडीएल थोडं जास्त ठेवणारा एक जनुकीय फरक असलेल्या लोकांना हार्ट अटॅक काही कमी आले नाहीत.

एलडीएलचं तसं नाही. जनुकं, औषधं, आहार, कुठूनही जा, एलडीएल उतरलं की धोका उतरतो. म्हणून ‘दोन्ही वाढलं, फिट्टंफाट’ हे गणित मला मान्य नाही.

कोरा कागद

वाद घालायला मजा येतेय. कार्बनबारांचा लॉरिकचा मुद्दा मान्य करायला मला अडचण नाही. पण मग २०१८ चा केंब्रिजच्या संशोधकांचा प्रयोग बघा, ‘बीएमजे ओपन’मध्ये आला होता. पन्नाशी ते पंचाहत्तरीतले नव्वदेक निरोगी लोक. चार आठवडे, रोज ५० ग्रॅम. एका गटाला लोणी, एकाला एक्स्ट्रा व्हर्जिन खोबरेल तेल, एकाला ऑलिव्ह तेल. एलडीएल लोण्याने वाढलं, खोबरेल तेलाने नाही. त्या बाबतीत ते ऑलिव्हच्या बरोबरीने राहिलं. याचं काय करायचं?

मोजूनमापून

चांगला प्रयोग होता आणि निकाल सगळ्यांनाच अनपेक्षित होता. तो लपवायचं काही कारण नाही. पण एका चाचणीच्या जोरावर बाकीच्या खोडता येत नाहीत.

२०२० मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी अशा १६ चाचण्या एकत्र करून विश्लेषण केलं, ‘सर्क्युलेशन’मध्ये आहे, आणि तुम्ही म्हणताय ती चाचणीही त्यात धरलेली आहे. सूर्यफूल, सोयाबीन, ऑलिव्ह अशा तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल सरासरी १० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने जास्त, एचडीएल ४ ने जास्त. वजन, कंबरेचा घेर, उपाशीपोटीची साखर, सूज दाखवणारे घटक, यांत काही फरक नाही. म्हणजे ‘वजन उतरतं, साखर उतरते’ हे दावेही तिथेच निकालात निघाले.

१० मिलिग्रॅम म्हणजे आभाळ कोसळत नाही. त्याच संशोधकांचा अंदाज असा की एवढ्या वाढीने हृदय-रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटनांचा धोका सहाएक टक्क्यांनी वाढू शकतो. ज्याचा धोका मुळात कमी त्याच्यासाठी हे किरकोळ. ज्याला आधीच मधुमेह, रक्तदाब आहे, घराण्यात हृदयविकार आहे, त्याने हा बोजा विनाकारण का घ्यावा?

आणि लोण्याशी तुलना केली तर खोबरेल तेल बहुधा उजवं ठरतं. १९९५ मध्ये न्यूझीलंडमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेल्या लोकांवर प्रयोग झाला होता. एलडीएल सगळ्यात जास्त लोण्यावर, मध्ये खोबरेल तेलावर, सगळ्यात कमी करडई तेलावर. म्हणून मी सुरुवातीलाच विचारलं, कशाच्या जागी?

तळटीप

टोकेलाऊचा दाखला नेहमी अर्धाच दिला जातो, म्हणून उरलेला अर्धा.

त्या १९८१ च्या अभ्यासात दोन ठिकाणं होती, टोकेलाऊ आणि पुकापुका. टोकेलाऊत नारळातून येणारे उष्मांक जवळजवळ दुप्पट, आणि कोलेस्टेरॉलही टोकेलाऊतच जास्त. म्हणजे संपृक्त मेदाने कोलेस्टेरॉल वाढतं हे तिथेही दिसलंच. हृदयविकार कमी होता, हे बरोबर. पण ते लोक बाटलीतलं तेल खात नव्हते, चोथ्यासकट नारळ खात होते. जोडीला मासे, साखर जवळजवळ नाही, कारखान्यातलं अन्न नाही, आणि दिवसभर अंगमेहनत. त्यातलं फक्त तेल उचलून खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या कॉफीत घालायचं आणि बेटावरचं हृदय मागायचं, हा व्यवहार जमत नाही.

हायड्रोजनेटेडच्या मुद्द्यावर मात्र कोरा कागद यांना निम्मे गुण. जुने काही प्रयोग तसे होते. अलीकडच्या चाचण्यांमध्ये साधं किंवा व्हर्जिन तेल आहे आणि एलडीएल तरीही वाढतं.

उगाच यांच्या पॉपकॉर्नवरून आठवलं, हा इतिहास मजेशीर आहे. १९८८ मध्ये फिल सोकोलॉफ नावाच्या एका अमेरिकन उद्योजकाने, त्याला स्वतःला हार्ट अटॅक येऊन गेलेला, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन खाद्यकंपन्यांना झोडपलं की पाम आणि खोबरेल तेल वापरून तुम्ही लोकांना मारताय. मग १९९४ मध्ये ‘सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट’ या संस्थेने सिनेमागृहांतल्या पॉपकॉर्नचे आकडे जाहीर केले. ते खोबरेल तेलात फोडलेले असायचे. गदारोळ झाला आणि मोठ्या साखळ्यांनी तेल बदललं. पण त्या काळात कंपन्यांनी या तेलांच्या जागी जे आणलं ते बऱ्याच ठिकाणी अर्धवट हायड्रोजनेटेड सोयाबीन तेल होतं, त्या प्रक्रियेत तयार होणाऱ्या ट्रान्स फॅटने भरलेलं. ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं आणि वर एचडीएल उतरवतं. आगीतून फुफाट्यात. ‘कशाच्या जागी’ हा प्रश्न तेव्हाही कोणी विचारला नव्हता.

उगाच

पॉपकॉर्न खाली ठेवले.

दुपारची झोप

२०१८ मध्ये एका जर्मन प्राध्यापिकेने ‘शुद्ध विष’ म्हटल्याचा व्हिडिओ फिरत होता ना? घरात महिनाभर त्यावरून महाभारत. खरं होतं का ते?

कार्बनबारा

व्याख्यान खरं होतं, करिन मिशेल्स, फ्रायबुर्ग विद्यापीठ. पण ‘विष’ हे सभागृहात टाळ्या घेणारं वाक्य. विष म्हणायला किती ग्रॅमला काय होतं ते सांगावं लागतं, आणि खोबरेल तेल खाऊन इतके लोक मेले असा विदा कोणाकडेच नाही. या तेलावर थेट हार्ट अटॅक आणि मृत्यू मोजणारी मोठी, लांब पल्ल्याची चाचणी झालेलीच नाही. आपण जे बोलतोय ते एलडीएलवरून बांधलेलं अनुमान आहे. भक्कम अनुमान, पण अनुमान.

कोरा कागद

तेच तर! आणि २०१७ चा प्युअर अभ्यास? १८ देश, सव्वा लाखाहून जास्त माणसं, आणि संपृक्त मेद जास्त खाणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त नाहीत, उलट थोडे कमीच.

मोजूनमापून

त्या अभ्यासात मेद कमी खाणारे लोक त्याच्या जागी काय खात होते? पिष्टमय पदार्थ, कर्बोदकं, आणि तीही भरमसाट. सोयीसुविधा कमी असलेल्या भागात तेच स्वस्त असतं. मेद काढून मैदा-साखर भरली तर फायदा होत नाही, हे इतर ठिकाणीही दिसलंय. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे काढते. तिच्या २०२० च्या आढाव्यात १५ चाचण्या होत्या, पन्नास हजारांहून जास्त माणसं. संपृक्त मेद किमान दोन वर्षं कमी केल्यावर हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना सुमारे १७ टक्क्यांनी घटल्या. मृत्यूंमध्ये विशेष फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. संपृक्त मेदाच्या जागी बहुअसंपृक्त मेद, म्हणजे सूर्यफूल, सोयाबीन, अक्रोड वगैरे आलं, तिथे फायदा जास्त स्पष्ट होता.

झणझणीत

तुमचं चालू द्या, मला एक व्यावहारिक शंका. तळायला हे तेल चांगलं म्हणतात ते खरं का?

कार्बनबारा

काही अंशी. मेदाम्लांमधले दुहेरी बंध, जिथे हवा आधी हल्ला करते, फारच कमी असल्यामुळे हे तेल उष्णतेने आणि हवेने लवकर खवट होत नाही. ही त्याची खरी जमेची बाजू, आणि कंपन्यांना ते आवडतं तेही याचसाठी. पण धूर सुटण्याचं तापमान वेगळं. व्हर्जिन तेल १७५ अंशांच्या आसपास धुरायला लागतं, तळण्याचं तापमान साधारण तेवढंच असतं. रिफाइंड २०० च्या पुढे जातं. म्हणजे तळायला रिफाइंड, आणि मग व्हर्जिनचा वास, चव, थोडेफार पॉलिफेनॉल हे सगळं गेलंच.

निशिगंध

मी इथे फक्त वाचत असते. पण विचारते. आईला वर्षभरापासून विस्मरणाचा त्रास आहे, डॉक्टरांनी अल्झायमरची सुरुवात सांगितली आहे. नात्यातल्या एकांनी रोज चार चमचे खोबरेल तेल द्यायला सांगितलंय. द्यावं का?

मोजूनमापून

निशिगंध, आईंच्या त्रासाबद्दल वाचून वाईट वाटलं.

हे मुळात पसरलं ते अमेरिकेतल्या एका डॉक्टर बाईंमुळे. त्यांनी नवऱ्याला हे तेल दिलं आणि फरक पडल्याचं जाहीरपणे लिहिलं. कल्पना अशी की आजारी मेंदूला ग्लुकोज नीट वापरता येत नाही, तर कीटोन, म्हणजे मेदापासून यकृतात बनणारं पर्यायी इंधन, द्यावेत. कल्पना चुकीची नाही, त्यावर संशोधनही चालू आहे. पण कीटोन तयार होतात ते प्रामुख्याने ८ कार्बनच्या मेदाम्लापासून, आणि खोबरेल तेलात ते सात-आठ टक्केच. या तेलाने आजार थांबतो किंवा उलटतो असं दाखवणारी भरवशाची चाचणी नाही.

चार मोठे चमचे म्हणजे ४८० कॅलरी. सुरुवातीला जुलाब, पोटात मुरडा हमखास. भूक मेली तर जेवण कमी होईल, आणि या आजारात प्रथिनं आणि वजन टिकवणं जास्त महत्त्वाचं असतं. देऊ नका असंच मी म्हणेन. त्यांना चवीला आवडत असेल तर स्वयंपाकात चमचाभर, एवढंच. आणि चालू औषधं या नादात थांबवू नका.

निशिगंध

धन्यवाद ताई. नातेवाइकांना काय सांगायचं ते बघते.

तळटीप

नातेवाइकांना ‘डॉक्टरांनी नको म्हटलंय’ सांगा. पुढे कोणी विचारत नाही.

काठावरचा

आता माझी केस. ‘बुलेटप्रूफ’ कॉफीच्या नादात काही महिने रोज सकाळी कॉफीत दोन मोठे चमचे व्हर्जिन खोबरेल तेल घालत होतो. बाकी खाणं तेच. परवा रिपोर्ट आला. एलडीएल ११८ चं १५४, एचडीएल ४४ चं ५०, ट्रायग्लिसराइड (रक्तातला मेद) जसेच्या तसे. वजन दीड किलो वर. डॉक्टर लगेच गोळी म्हणतायत. बरणीवर मोठ्या अक्षरात ‘कोलेस्टेरॉल ०’ लिहिलंय हो!

लॅबवाली

‘कोलेस्टेरॉल ०’ कुठल्याही वनस्पती तेलावर लिहिता येतं, कारण वनस्पतींमध्ये कोलेस्टेरॉल नगण्यच असतं. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृत स्वतः बनवतं. यकृताच्या पेशींवर एलडीएल उचलून घेणारे रिसेप्टर असतात. संपृक्त मेद जास्त झाला की ते कमी पडतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. बरणी उलटी करून मागचा तक्ता वाचा, ‘संपृक्त मेद’ ही ओळ. समोरच्या बाजूला छापतात ती जाहिरात.

मोजूनमापून

तुमचं उदाहरण म्हणजे मी सांगितलेला तिसरा प्रकार. कशाच्याच जागी नाही, वरून. दिवसाला २४० कॅलरी आणि २३-२४ ग्रॅम संपृक्त मेद जास्तीचा. वजन वाढलं नसतं तरच नवल. हेच तेल तुम्ही लोण्याऐवजी परतायला वापरत असता तर कदाचित रिपोर्ट इतका बोलला नसता.

मध्यमवर्गीय

पण मग माझ्यासारख्या, दूध-लोणी सोडलेल्यांनी काय करायचं? आमचं व्हीगन चीज तर खोबरेल तेलाचंच असतं.

मोजूनमापून

हो, आणि इथेच लोक फसतात. बऱ्याच व्हीगन चीजमध्ये पाणी, खोबरेल तेल आणि स्टार्च एवढंच असतं. संपृक्त मेद साध्या चीजइतका, प्रथिनं जवळजवळ नाहीत. कॉफीत घालायची पांढरी पावडर, आइस्क्रीमवरचं चॉकलेटचं कडक आवरण, बिस्किटांमधलं क्रीम, यांतही हे तेल किंवा त्याचं हायड्रोजनेटेड रूप असतं, कारण ते २४ अंशांखाली गोठतं आणि आकार धरतं. चवीसाठी अधूनमधून खायला हरकत नाही. रोजचं चीज म्हणून नको.

कोरा कागद

मी स्वयंपाकात एखादा चमचा वापरतो, तो वापरत राहणार. चव. त्याला संशोधन लागत नाही.

मोजूनमापून

त्याला माझी काहीच हरकत नाही. बाकीचं तेल काय वापरता?

कोरा कागद

सोयाबीन. आता हसू नका.

काठावरचा

माझं काय? गोळी सुरू करू का? आणि बरणी अर्धी शिल्लक आहे.

लॅबवाली

गोळीचं डॉक्टरांशीच बोला, इथे कोणी सांगू नये. पण कॉफीतलं तेल होतं हे त्यांना सांगितलंय का? नसेल तर आधी ते सांगा. तुमचं वय, रक्तदाब, साखर, घराण्यातला इतिहास बघून ते म्हणू शकतात की तेल थांबवून पुन्हा तपासू. आहार बदलला की एलडीएल महिना-दीड महिन्यात नव्या पातळीवर स्थिरावतं, तोवर मध्येच तपासून पैसे घालवू नका. शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. आणि जमलं तर यावेळी अपो-बी (एलडीएलसारख्या कणांवरच्या प्रथिनाची तपासणी) पण करून घ्या. एलडीएल बहुतेक ठिकाणी गणिताने काढतात, आणि ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर असले तर ते गणित चालतच नाही. तुमचं तसं नाही, पण अपो-बीमध्ये कणांची संख्या कळते.

बरणी झाकण लावून ठेवा. वर्षभर टिकते.